आधी ट्रान्सफॉर्मर बघा: व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प घरी दुरुस्त करताना

सांगली-मिरजेकडं व्हॉल्व्हचा (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबचा) अ‍ॅम्प्लिफायर हाती लागतो तो बहुधा दोन वाटांनी. कुणीतरी परदेशातून आणलेला खरा गिटार अ‍ॅम्प, ही पहिली. दुसरी जास्त मळलेली: मंडपवाल्याच्या गोडाऊनमध्ये नाहीतर जुन्या वाड्याच्या माळ्यावर पडलेला, लग्नात आणि गणपतीत भोंगे वाजवून थकलेला पीए अ‍ॅम्प्लिफायर. दोघांच्या आतलं बरंचसं सारखंच असतं: मेन ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर, फिल्टर कंडेन्सर, एक-दोन छोटे व्हॉल्व्ह, शेवटी पॉवर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर. शिकायला एकाच पॉवर व्हॉल्व्हचं सर्किट घ्यावं. फेंडर चॅम्प किंवा व्हॉक्स एसी४ यांचे नकाशे सहज मिळतात आणि एका पानात मावतात. चार ईएल८४ पॉवर व्हॉल्व्ह असलेला व्हॉक्स एसी३० पहिल्याच झटक्यात उघडू नये.

नवशिक्याच्या हातून पहिली चूक होते ती अशी: आणला, पुसला, प्लगमध्ये घातला, "बघू तरी चालू होतोय का". वीस वर्षं बंद असलेल्या अ‍ॅम्पमधले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर तोवर सुकलेले असतात. एखादा शॉर्ट झाला की सगळा भार मेन ट्रान्सफॉर्मरवर येतो, आणि शंभर रुपयांच्या कंडेन्सरपायी अख्ख्या अ‍ॅम्पमधली सगळ्यांत महाग वस्तू जळते. म्हणून प्लग लांब ठेवा आणि आधी ट्रान्सफॉर्मर बघा. विकत घ्यायचा विचार असेल तर तिथंच बघा. व्हॉल्व्ह नसले, कापड फाटलं असलं, कॅबिनेट वाळवीनं खाल्लं असलं तरी चालेल. दोन्ही ट्रान्सफॉर्मर गेले असतील तर उरतो तो पत्र्याचा डबा.

तपासणीला साधा मल्टिमीटर पुरतो. मेन ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला काही दहा ओहम दिसतात. एचटी (व्हॉल्व्हला लागणारं उंच व्होल्टेज) वाइंडिंगच्या दोन अर्ध्यांत दहा-एक टक्के फरक असला तर घाबरू नका, बाहेरच्या अर्ध्याला तार जास्त लागते. एकल ईएल८४ च्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी साधारण दोनशे ते पाचशे ओहम, सेकंडरी एक ओहमच्या आत. प्रायमरी ओपन दिसली तर तार तुटली आहे. वेढ्यांचं गुणोत्तर काढायचं असेल तर हा ट्रान्सफॉर्मर सर्किटपासून सोडवा आणि त्याच्या प्रायमरीला दुसऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे ६ व्होल्ट एसी द्या. सेकंडरीवर ०.२४ व्होल्ट मिळाले तर गुणोत्तर २५, त्याचा वर्ग ६२५, म्हणजे ८ ओहमचा स्पीकर लावल्यावर व्हॉल्व्हला ५ किलोओहमचा भार दिसेल. ईएल८४ ला हेच हवं असतं. उलट, सेकंडरीला ६ व्होल्ट देऊन प्रायमरी मोजायला जाऊ नका. तिथं दीडशे व्होल्ट उभे राहतात.

कृष्णाकाठी आणखी एक तपासणी वाढते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात बुडालेली यंत्रं अजून विकायला येतात, वरून चकचकीत पुसलेली. ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांच्या फटीत, व्हॉल्व्हच्या बेसखाली (सॉकेटखाली), व्हॉल्यूम-टोनच्या पॉटच्या दांड्याभोवती पिवळट वाळलेला गाळ दिसला की समजून जा. असा ट्रान्सफॉर्मर लगेच फेकायचा नाही. वाइंडिंगच्या तारा सर्किटपासून सोडवून घ्या, खोक्यात ६० वॅटचा जुना काचेचा बल्ब लावून त्याच्या उबेत दोन-तीन दिवस ठेवा आणि मग मोटर रिवायंडिंगच्या दुकानात नेऊन ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन मोजायच्या मीटरवर) वाइंडिंग आणि बॉडीमधलं इन्सुलेशन बघा. वीस मेगओहमच्या वर असेल तर उत्तम. सुकवूनही एकाच्या खाली राहिलं तर तो गेला. ऊसपट्ट्यात मोटर भरणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत आणि मेन ट्रान्सफॉर्मर ते नीट भरून देतात. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं तसं नाही. त्यात प्रायमरी-सेकंडरीचे थर आलटून पालटून असतात. उलगडताना थरागणिक वेढे मोजून लिहून घेतले नाहीत आणि सगळी प्रायमरी खाली, सगळी सेकंडरी वर अशी भरली, तर वरच्या पट्टीतला आवाज मरतो.

पुराच्या गाळाची दुसरी खोड बोर्डात. तपकिरी पॅक्सोलिन (रेझिन मुरवलेल्या कागदाचा बोर्ड) ओल धरतं आणि स्वतःच वीज वाहायला लागतं. नंतर कधीतरी मीटरची एक काडी चासीला (पत्र्याच्या सांगाड्याला) आणि दुसरी बोर्डाच्या रिकाम्या जागेवर टेकवली आणि काही व्होल्ट दिसले, तर पार्ट बदलण्यात दिवस घालवू नका. बोर्ड आणि बेस बदला. बेस सिरॅमिकचे घ्या.

आता जिवाचं बोला. बंद अ‍ॅम्पमध्येसुद्धा फिल्टर कंडेन्सर तीनशे-साडेतीनशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स दोन मगरक्लिपांच्या इन्सुलेटेड तारेला जोडून ठेवा. आधी एक क्लिप चासीला, मग दुसरी कंडेन्सरच्या प्लसला, पाच सेकंद. मग मीटरनं शून्य आलं का ते बघायचंच. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी काढायची सवय मंडपवाल्यांकडून उचलू नका. चालू अ‍ॅम्पवर मोजताना काळी काडी क्लिपनं चासीला अडकवा, उजव्या हातात लाल, डावा हात खिशात. पायात चप्पल हवी, आणि घरात एकटं असताना हे काम नको.

मेनची वायर तीन पिनीचीच हवी. गिटारच्या तारा केबलच्या जाळीतून थेट चासीला जोडलेल्या असतात. म्हणजे चासीत करंट उतरला की तो वाजवणाऱ्याच्या बोटात. अमेरिकन अ‍ॅम्पमध्ये मेन आणि चासी यांच्यामध्ये एक छोटा कंडेन्सर सापडतो. तो कापून टाकायचा, बदलायचा नाही. हिरवी वायर चासीला स्वतंत्र नट-बोल्टनं, स्टार वॉशर घालून. फेजच्या तारेत आधी फ्यूज, मग स्विच. मेनमधून ३५-४० वॅट खेचणाऱ्या अ‍ॅम्पला ५०० मिलिअँपचा स्लो-ब्लो पुरतो. तो वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज घालणं ही दुरुस्ती नव्हे. जुन्या वाड्यांतल्या बोर्डावर तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागं अर्थिंग असेलच असं नाही. फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

चॅम्पसारखा छोटा अमेरिकन अ‍ॅम्प ११७ व्होल्टचा असेल तर १०० व्हीएचा, खऱ्या वाइंडिंगचा स्टेप-डाउन लागतो. इस्त्री-हीटरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर इथं चालत नाहीत. ६० हर्ट्झसाठी बनलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० वर जास्त तापतो, हेही ध्यानात ठेवा. ब्रिटिश आणि देशी सेटला मागं २००-२२०-२४० ची निवड असते. रात्री पंप बंद झाले की खेड्यात व्होल्टेज २५० च्या वर जातं, म्हणून ती २४० वरच ठेवा.

फिल्टर कंडेन्सर सरसकट बदला. जुने हळूहळू चार्ज करून परत कामाला लावण्याची एक पद्धत आहे, पण नवे इतके स्वस्त असताना तो खटाटोप कशाला? १६ मायक्रोफॅरडच्या जागी २२, ३२ च्या जागी ३३. सगळे ४५० व्होल्ट, १०५ डिग्रीचे. "जास्त घातला की हम (स्पीकरमधली घुमघुम) कमी" हा हिशेब रेक्टिफायर व्हॉल्व्हपुढं चालत नाही: त्याच्या लगेच नंतरचा कंडेन्सर ईझेड८० ला ५० च्या आत हवा, ५वाय३ ला २० च्या आसपास. नाहीतर सुरुवातीच्या करंटनं व्हॉल्व्ह मरतो. जुना ॲल्युमिनियमचा डबा शोभेला तिथंच राहू द्या, फक्त त्याच्या तारा सोडवा. प्लस-मायनस दोनदा बघा. कॅथोडवरचे (व्हॉल्व्हमध्ये इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या पिनेवरचे) २५ मायक्रोफॅरडचे छोटे कंडेन्सरही याच बैठकीत बदलून टाका. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत हे सगळं मिळतं. २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न बोर्डाला पुरतं. चासीवरच्या टाक्याला मात्र १०० वॅटचं लागतं, नाहीतर थंड टाका बसतो आणि महिन्याभरात घरघर सुरू.

आता चालू करायचा, पण सिरीज बोर्डवर. फेजमध्ये ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. एलईडीचा इथं उपयोग नाही. पहिल्यांदा सगळे व्हॉल्व्ह काढून: बल्ब क्षणभर चमकून जवळजवळ विझला पाहिजे. भगभगीत राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे. फिलामेंटच्या पिनांवर ६.३ च्या आसपास, भार नसताना किंचित जास्त, एसी दिसेल. मग १०० वॅटचा बल्ब लावून, स्पीकर जोडून सगळे व्हॉल्व्ह घाला. आता बल्ब मंद पेटलेला राहणारच, तो दोष नव्हे. डिमरस्टॅट (मेनचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर चांगलंच, पण तो मेनपासून अलग करत नाही. आणि रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर कमी व्होल्टेजवर त्याचं फिलामेंटच तापत नाही, त्यामुळं एचटी बराच वेळ येत नाही आणि मग एकदम येतं. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प वाजवू नये. भार नसला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीत उसळणारं व्होल्टेज त्याचं इन्सुलेशन फोडतं.

बल्ब काढून थेट मेनवर घेतलं की मोजणी. छोट्या ईसीसी८३ व्हॉल्व्हच्या टप्प्यात प्लेटला (इलेक्ट्रॉन पोचतात त्या पिनेला) १०० किलोओहम आणि कॅथोडला १.५ किलोओहम असेल, तर अडीचशे व्होल्टच्या पुरवठ्यावर प्लेटला दीडशे-पावणेदोनशे आणि कॅथोडला सव्वा-दीड व्होल्ट मिळतील. प्लेटवर पुरवठ्याइतकेच व्होल्ट असतील तर व्हॉल्व्हमधून करंट जातच नाही: फिलामेंट गेलं असेल किंवा कॅथोडचा रेझिस्टन्स ओपन. प्लेट फारच खाली असेल तर प्लेटचा रेझिस्टन्स मोजा. जुने कार्बनचे रेझिस्टन्स वाढत वाढत १०० चे १६० झालेले सापडतात.

खरा चोर मात्र कप्लिंग कंडेन्सर. ईसीसी८३ च्या प्लेटवरून ईएल८४ च्या ग्रिडला (सिग्नल आत घेणाऱ्या पिनेला) सिग्नल नेणारा ०.०२२ मायक्रोफॅरडचा. जुना मेणकागदी असेल तर मीटरवर चांगला दिसेल, कारण मीटर दोन-तीन व्होल्टवर तपासतो. गळती दिसते ती १६० व्होल्टवर. समजा गळती २० मेगओहमची आहे आणि ग्रिड ४७० किलोओहमनं चासीला बांधलेला. हिशेब केला तर ग्रिडवर जवळपास पावणेचार व्होल्ट प्लस येतात. ईएल८४ चं सगळं बायसच (ग्रिड कॅथोडपेक्षा जितकी खाली असते तो फरक) ७.३ व्होल्टचं! व्हॉल्व्ह भरमसाट करंट खेचतो, प्लेट लाल होते, आणि लोक नवा व्हॉल्व्ह आणून तोही जाळतात. तपासायचं असं: ईएल८४ काढा, चालू करा, पिन २ वर डीसी बघा. शून्य हवं, पाव व्होल्टही नको. व्हॉल्व्ह काढल्यावर तिथं व्होल्ट असतील तर कंडेन्सर गळतो. व्हॉल्व्ह घातल्यावरच येत असतील तर व्हॉल्व्हमध्ये गॅस आहे. बदलताना ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन घाला.

त्यानंतर पिन ३ वरचं कॅथोडचं व्होल्टेज मोजा. १३५ ओहमवर ७.३ म्हणजे ५४ मिलिअँप. स्क्रीनचे (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या ग्रिडचे) साडेपाच वजा जाता ४८.५. प्लेट-कॅथोडमध्ये २४५ व्होल्ट असतील तर ११.९ वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२. याच्या वर गेलात तर कॅथोडला १३५ च्या जागी १५० ओहम लावा.

व्हॉल्व्ह बदलायची घाई नको. फिलामेंटचा नारिंगी उजेड आणि काचेच्या आतल्या अंगाला निळसर झाक, दोन्ही ठीक. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे जुने देशी व्हॉल्व्ह सापडले तर जपा.

हम ओळखायला मीटरपेक्षा कान बरा. गिटारच्या सहाव्या तारेवर तिसरा पडदा दाबा: ९८ हर्ट्झ. हम या सुराला लागून, हलकासा चढा ऐकू येत असेल तर तो १०० हर्ट्झचा, म्हणजे फिल्टरचा. त्याच्या खालच्या सप्तकात असेल तर ५० चा: फिलामेंटच्या तारा पिळून, चासीच्या कोपऱ्यातून न्या आणि अर्थचे सांधे तपासा. मिरजेत सतारीचे पडदे बांधणाऱ्यांच्या शेजारी राहून एवढं कानानं जमायलाच हवं.

पीए अ‍ॅम्प गिटारला लावायचा तर थोडे बदल. माइकच्या इनपुटला ट्रान्सफॉर्मर असेल तर तो बाजूला करा, जॅकवर १ मेगओहम चासीला आणि ग्रिडला ६८ किलोओहम सिरीजमध्ये, अगदी पिनेपाशी. हा ६८ किलोओहम नसला तर तारा न छेडता आकाशवाणीच्या बातम्या ऐकू येऊ शकतात. लांबच्या भोंग्यांसाठीचे १०० व्होल्ट लाइनचे स्क्रू सोडून द्या, ८ ओहमचा टॅप घ्या. भोंगा नको, दहा किंवा बारा इंची कागदी कोनचा स्पीकर हवा.

शेवटी दोन तास चालू ठेवा, मधून मधून वाजवत. मेन ट्रान्सफॉर्मरवर तळहात काही सेकंद टेकवता आला पाहिजे. सगळ्या पिनांची व्होल्टेज एका कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या आत चिकटवा, काढलेले जुने पार्टही पुडीत बांधून तिथंच ठेवा. कागदावर तारीख आणि त्या वेळचं घरचं मेन व्होल्टेज हवंच. २२८ ला घेतलेले आकडे २५० ला जुळत नाहीत.