७६३ मुलं आणि दिवसाचा दहावा भाग

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. साथीच्या गणिताची सुरुवात फळ्यावर केली की मागचा बाक झोपतो, म्हणून मी वर्गाला थेट लॅबमध्ये नेते. प्रोग्रॅमिंग लागत नाही. एक्सेल किंवा लिब्रे ऑफिस पुरे.

उदाहरण ठरलेलं: जानेवारी १९७८, उत्तर इंग्लंडमधली मुलांची निवासी शाळा, ७६३ मुलं, फ्लूची साथ. रोज किती मुलं अंथरुणात, हे त्याच मार्चमध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं.

तीन कॉलम करा: लागण न झालेले, आजारी, बरे. पहिल्या ओळीत ७६२, १, ०. बाजूला दोन सेलमध्ये दर लिहा: लागणीचा १.६६, बरं होण्याचा ०.४५ (आजारपण सरासरी २.२ दिवसांचं धरलं, त्याचा व्यस्त). दोघांचा भागाकार साधारण ३.७, कोविडमध्ये टीव्हीवर रोज ऐकलेला 'आर नॉट' (सुरुवातीला एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा) तो हाच. सूत्रात या सेलना डॉलरचं चिन्ह लावायला विसरू नका, नाहीतर खाली ओढताना सगळं घसरतं.

नवे रुग्ण = १.६६ × लागण न झालेले × आजारी ÷ ७६३. नवे बरे = ०.४५ × आजारी. पुढच्या ओळीसाठी पहिल्या कॉलममधून नवे रुग्ण वजा करा, दुसऱ्यात मिळवा. बरे झालेले दुसऱ्यातून काढून तिसऱ्यात टाका. प्रत्येक ओळीची बेरीज ७६३ आली पाहिजे.

आता खरी गंमत. पहिल्या वर्षी मी एका ओळीला एक दिवस धरला. शिखर नवव्या दिवशी आलं, तेही साडेतीनशेच्या वर. वर्गासमोर मी दर बदलत बसले, आणि चूक दरात नव्हतीच. दिवसभरात नव्याने आजारी पडलेला मुलगा संध्याकाळपर्यंत दुसऱ्यालाही देतो; माझं गणित त्याला उद्यापर्यंत थांबवून ठेवत होतं. म्हणून एक ओळ म्हणजे दिवसाचा दहावा भाग धरा आणि दोन्ही सूत्रांना ०.१ ने गुणा. शिखर सहा-सात दिवसांवर येतं, २९० च्या आसपास. खऱ्या शाळेतही एका दिवशी तीनशेच्या जवळपास मुलं अंथरुणात होती.

"मॅडम, ०.१६ माणूस कसा आजारी पडेल?" असं म्हणत कुणीतरी दरवर्षी आकडे पूर्णांकात आणतं. मग पहिल्याच ओळीत नवे रुग्ण शून्य, आणि साथच येत नाही! अपूर्णांक राहू द्या.

शिखर जुळलं म्हणून पेढे मात्र वाटू नका. तक्ता शेवटपर्यंत ओढा: जेमतेम वीसेक मुलं सुटतात, म्हणजे लागण ७४० हून जास्त जणांना. प्रत्यक्षात अंथरुण धरलं ५१२ जणांनी. अंथरुणातला मुलगा आणि आजार पसरवणारा मुलगा एकच, हे आपण न विचारता गृहीत धरलं होतं.

असं आधीही झालंय. ही समीकरणं १९२७ मध्ये एडिंबरामधून मांडली ती कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी; कर्मॅक प्रयोगशाळेतल्या अपघातात अंध झालेले, मॅकेंड्रिक हिंदुस्थानात वैद्यकीय सेवा करून परतलेले. पडताळणीला घेतला तो आपल्या मुंबईचा १९०५-०६ चा प्लेग. आठवड्याच्या मृत्यूंवर त्यांची रेघ सुरेख बसते, सतराव्या आठवड्यात ८९० चं शिखर. आणि प्लेग पसरतो तो उंदरांवरच्या पिसवांमुळे, पण त्या रेघेत उंदीर नाही की पिसू नाही.

पुढच्या तासाला मी पोरांना चौथा कॉलम घालायला सांगते: खोलीत वेगळे ठेवलेले.