म्यूऑन डिटेक्टरचे रीडआउट: छोट्या संगणकाकडे कोणते काम द्यावे

वैश्विक किरणांतले म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण) समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला सुमारे एक या प्रमाणात पडतात. त्यामुळे 30 सेंटिमीटर बाजूच्या दोन सिंटिलेटर फळ्या (कण आरपार गेला की प्रकाशाची चमक देणाऱ्या) एकीवर एक ठेवल्या, तर दोन्हींतून आरपार जाणारे म्यूऑन सेकंदाला साधारण 15 भरतात. एवढ्या संथ मोजणीसाठी दोन्ही फळ्यांचे पल्स (त्या चमकेपासून मिळणारे क्षणिक विद्युत संकेत) थेट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडावेत आणि बाकीचे प्रोग्रॅमने पाहावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण तसे करू नये.

कारण हिशेबाने पाहू. गोंगाट धरून प्रत्येक फळी सेकंदाला 200 पल्स देते असे समजा. पायवरची लिनक्स ही कार्यप्रणाली कधी दुसऱ्याच कामात गुंतेल याचा नेम नसतो, म्हणून दोन पल्स एकाच वेळी आले हे प्रोग्रॅमने ठरवायचे तर एक मिलिसेकंदाची मुभा द्यावी लागते. मग निव्वळ योगायोगाने जुळणाऱ्या जोड्या सेकंदाला 80 होतात (200 × 200 × 0.001, आणि दोन्हींपैकी कोणताही पल्स आधी येऊ शकतो म्हणून दुप्पट), म्हणजे खऱ्या म्यूऑनच्या पाचपट. हेच काम एफपीजीएमध्ये (हवे ते सर्किट घडवता येणाऱ्या चिपमध्ये) 50 नॅनोसेकंद रुंदीच्या पल्सनी केले, तर अशा खोट्या जोड्या तासाला 14-15 एवढ्याच उरतात. म्हणून वेळेशी संबंधित प्रत्येक निर्णय एफपीजीएने घ्यावा, आणि संगणकाने मांडणी करावी, माहिती उचलावी व काय निसटले याची नोंद ठेवावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आयकॅल या न्यूट्रिनो डिटेक्टरसाठी आखलेल्या रीडआउटमध्येही (पल्स वाचून नोंदवण्याच्या व्यवस्थेतही) प्रत्येक आरपीसीजवळ (कण टिपणाऱ्या वायूच्या कप्प्याजवळ) एफपीजीएचा बोर्ड असून त्याच चिपमध्ये निओस हा छोटा प्रोसेसर बसवला आहे.

जोडणीआधी व्होल्टेज तपासावे. निम (अणुभौतिकीतल्या उपकरणांचे मानक) पद्धतीचा पल्स उणे 0.8 व्होल्टचा असतो, तर रास्पबेरी पायच्या पिना 0 ते 3.3 व्होल्टच्याच; मध्ये व्होल्टेज बदलणारा लेव्हल ट्रान्सलेटर न घालता जोडले तर पिन जळू शकते.

मोजणी सुरू करताना क्रम पाळावा. प्रथम ट्रिगर (घटना नोंदवण्याचा इशारा) बंद करावा, फिफो (वाचेपर्यंत घटना रांगेत साठवणारी मेमरी) रिकामा करावा, थ्रेशोल्ड (पल्स मोजला जाण्यासाठी लागणारी किमान उंची) लिहावा आणि लिहिलेली किंमत लगेच परत वाचून ताडावी. त्यानंतर हाय व्होल्टेज हळूहळू चढवावे, ते स्थिर झाले की काउंटर शून्य करावेत आणि ट्रिगर सगळ्यात शेवटी उघडावा. परत वाचण्याचा टप्पा अनेकजण गाळतात. पण एसपीआयच्या (संगणक व चिप जोडणाऱ्या दुव्याच्या) सैल वायरमुळे थ्रेशोल्ड चुकीचा बसला, तर रात्रभराची मोजणी वाया जाते.

प्रत्येक घटनेच्या नोंदीत एफपीजीएनेच दिलेला अनुक्रमांक आणि वेळ असावी. 100 मेगाहर्ट्झच्या घड्याळाचा 32 बिटांचा काउंटर अवघ्या 43 सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो, म्हणून 64 बिट घ्यावेत. फिफो भरत आला की एफपीजीएने बिझी सिग्नल उचलून ट्रिगर अडवावा, आणि अडवलेले ट्रिगर वेगळ्या काउंटरवर मोजावेत. माझ्या पहिल्या मांडणीत ही सोय नव्हती: मेमरी कार्डावर लिहिताना संगणक थबकला की फिफोतल्या जुन्या घटनांवर नव्या लिहिल्या जात, आणि अनुक्रमांक संगणकच देत असल्यामुळे फाइल मात्र अखंड दिसे. किती म्यूऑन हरवले हे आजही सांगता येत नाही, आणि त्या मोजणीचा काहीच उपयोग झाला नाही, याचे मला वाईट वाटते.

डिटेक्टर जोडण्यापूर्वी संपूर्ण साखळी पल्सरवर (कृत्रिम पल्स देणाऱ्या उपकरणावर) तपासावी, मात्र ठरावीक अंतराने येणाऱ्या पल्सवर समाधान मानू नये. फिफो बंद ठेवून एक घटना वाचायला 200 मायक्रोसेकंद लागत असतील आणि पल्स बरोबर एक मिलिसेकंदाने येत असतील, तर एकही निसटणार नाही. तेच सेकंदाला सरासरी 1000 पल्स अनियमित अंतराने दिले, तर सुमारे 833 नोंदले जातील आणि 167 डेड टाइममध्ये (आधीची घटना वाचली जात असतानाच्या वेळेत) जातील. अडवलेल्या ट्रिगरच्या काउंटरने हा 167 चा आकडा सांख्यिकीय चुकीच्या मर्यादेत दाखवला पाहिजे; तो दाखवत नसेल तर फळ्या जोडू नयेत, आधी बिझीची जोडणी तपासावी.