गाभण गाय आणि निओस्पोरा: लस शोधू नका, वार सांभाळा

पाचव्या-सहाव्या महिन्यात गाय गाभडली, म्हणजे गर्भ पडला, की पहिला सल्ला येतो, "एखादी लस टोचून घ्या." पण गाभडण्याचं कारण निओस्पोरा हा परजीवी असेल, तर आपल्याकडे त्यावर लसच मिळत नाही. परदेशात एक निघाली होती, तीही बाजारातून गेली. खात्रीचं औषधही नाही. गाय गाभडवणाऱ्या ब्रुसेला या जिवाणूची लस वेगळी. ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला टोचतात, गाभण गाईला मुळीच नाही.

हा परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्या-पाण्यात उतरतो आणि गाईकडून पोटातल्या वासरात जातो. कुत्र्याला तो मिळतो वारेतून, म्हणजे वासरामागून पडणाऱ्या जारेतून, आणि गाभडलेल्या वासरातून. कडब्याची गंजी आणि पाण्याचा हौद झाका, गव्हाणीत कुत्रं चढू देऊ नका, राखणीच्या कुत्र्याला कच्चं मांस घालू नका.

खरी कसोटी वारेची. मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं ते इथेच, कारण गाय बहुधा रात्री विते आणि माणसं वासराभोवती गुंतलेली असताना कुत्री वार ओढून नेतात. म्हणून वार पडेपर्यंत एक माणूस गोठ्यात हवाच. दूध वाढतं या समजुतीने वार पोत्यात घालून वडाला बांधतात. पोतं कुजून खाली पडलं की ती कुत्र्यांचीच होते. ओढ्यात टाकणं त्याहून वाईट. हा प्रकार बंद करा.

खड्डा गाय विण्याआधीच खणून ठेवा. आपल्याकडे हातभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळे ऐन वेळी दीड फुटावर काम आटोपतं आणि सकाळी खड्डा उकरलेला दिसतो. कंबरेइतका खोल हवा, विहिरीपासून लांब. वारेवर चुना, मग माती, वर मोठे दगड आणि बाभळीचे काटे. नुसत्या मातीवर माझा भरवसा नाही. हातमोजे घालाच, गाभडण्याचं कारण ब्रुसेला असेल तर तो माणसालाही होतो. बारा तासांत वार पडली नाही तर ओढू नका, तिला दगड बांधू नका, डॉक्टरांना बोलवा.

गाय गाभडली असेल तर पुरण्याची घाई नको. वासरू आणि वारेचा तुकडा दुहेरी पिशवीत घालून बर्फात ठेवा, गोठवू नका. गाईचं रक्तही काढून घ्या आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत तपासणीला पाठवा. पुण्याला औंधमध्ये रोग अन्वेषण विभाग आहे. नुसत्या लक्षणांवरून निओस्पोरा की ब्रुसेला हे कुणालाही सांगता येत नाही.

निओस्पोरा निघाला, तर ती गाय पुढच्या खेपेला धडधाकट वासरू देईलही, पण बहुतेकदा ते परजीवी घेऊनच जन्मतं. तिच्या कालवडी तपासल्याशिवाय गोठ्यात वाढवू नका. सांगोल्याच्या बाजारातून गाभण गाय घेतानाही आधी रक्त तपासा. वासराचं रक्त चीक पाजण्याआधी काढा, नाहीतर सहा महिने थांबा. मधल्या काळात चिकातून आलेली आईची प्रतिपिंडंच तपासणीत दिसतात.