साकेची तुलना करायचीय? मग आधी थर्मामीटर काढा

साके म्हणजे तांदळापासून केलेली जपानी दारू. तुलनेला तीन बाटल्या पुरतात, दहा मांडल्या तर पाचवीपासून काही कळत नाही. एक दायगिंजो, एक होनजोझो, एक यामाहाई पद्धतीची (म्हणजे आंबटपणा देणारे जीवाणू आपोआप वाढू देऊन केलेली) जुनमाई. जुनमाईत तांदूळ, पाणी, कोजी (बुरशी वाढवलेला तांदूळ) आणि यीस्ट एवढंच, होनजोझोत थोडं वरून घातलेलं अल्कोहोल, आणि दायगिंजोचा तांदूळ इतका पॉलिश करतात की दाणा निम्मा किंवा त्याहून कमी उरतो. लेबलवरचा टक्का उरलेल्या दाण्याचा असतो, म्हणजे दासाई २३ या ब्रँडच्या साकेमध्ये २३ टक्केच दाणा राहिलाय. आकडा छोटा म्हणजे साके भारी असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, त्याने वास फळासारखा होतो आणि तांदळाची चव कमी होते, बाकी आवड आपली.

ग्लास सगळे सारखे, प्रत्येकी दोन-तीन घोट.

आता तापमान. इथेच सगळ्यांचं चुकतं आणि मलाही हे जमायला वेळ लागला. फ्रीजमधून काढून लगेच ओतली की ५ डिग्रीला वास दबतो, गोडवा दबतो, तिन्ही साके नुसत्या स्वच्छ आणि सारख्याच लागतात आणि लोक म्हणतात फरकच नाही! बाटल्या आधीच बाहेर काढा, १० ते १५ डिग्रीला तिन्ही एकदम चाखा, मग तासाभराने २० च्या आसपास परत. त्यानंतर गरम. "चांगली साके गरम करत नाहीत" हा सल्ला देणाऱ्याने यामाहाई ४५ डिग्रीला प्यायलेली नसते, तिचा लॅक्टिक आंबटपणा तिथे मऊ होतो आणि तांदूळ खरा बोलायला लागतो. पाणी उकळा, गॅस बंद करा, तोक्कुरी (साकेची छोटी सुरई) गळ्यापर्यंत त्यात ठेवा, थर्मामीटर आतल्या साकेत, ४० ला नुरुकान, म्हणजे कोमट, झाली की एक घोट, ४५ ला दुसरा, ५० म्हणजे आत्सुकान, कडक गरम, त्याच्या वर जाऊ नका. मायक्रोवेव्ह नकोच, वर चटका आणि खाली गार. दायगिंजो मात्र ४० च्या पुढे नेऊ नका, वास उडून जातो आणि कडवटपणा उरतो, एवढे पैसे घालून तसं कशाला करायचं?

क्रम हलकीपासून दणकट, यामाहाई शेवटी. मध्ये साधं पाणी प्या आणि भरपूर प्या, साके १५-१६ टक्के असते. लेबलवरचा निहोनशु-दो (गोडी-कोरडेपणाचा आकडा) प्लस म्हणजे कोरडी, मायनस म्हणजे गोड, पण आंबटपणा जास्त असला की मायनसवालीही कोरडी लागते, म्हणून तो आकडा चाखून झाल्यावरच बघा.

उरलेलं फ्रीजमध्ये उभं ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत चाखा, यामाहाई बऱ्याचदा आणखी छान लागते. नामा, म्हणजे पाश्चराइज न केलेली, आणली असेल तर ती न उघडताही फ्रीजमध्येच हवी, आणि उघडली की लवकर संपवा.