घर बांधायला काढताय? ठेकेदारासमोर बसण्याआधी एवढं करून ठेवा

‘काय भाव चालू आहे स्क्वेअर फुटाचा?’ नागपुरात घर बांधायला निघालेला माणूस ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचारतो. आकडा लगेच मिळतो. त्यात काय धरलंय आणि काय नाही, हे मात्र काम अर्ध्यावर आल्यावर कळायला लागतं. म्हणून हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा.

आधी कागद

रजिस्ट्री, आखीव पत्रिका किंवा सातबारा, लेआउटचा नकाशा आणि गुंठेवारीतला प्लॉट असेल तर आर.एल. पत्र (प्लॉट नियमित केल्याचं पत्र), हे सगळं एका फाइलमध्ये लावा. बांधकामाचा नकाशा शहरात महापालिका किंवा नागपूर सुधार प्रन्यास मंजूर करते, शहराबाहेरच्या महानगर क्षेत्रात एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. तुमचा लेआउट कोणाकडे येतो ते आर्किटेक्टकडून पक्कं करून घ्या. मंजूर नकाशा हाती येईपर्यंत कोणालाही इसार देऊ नका. ‘बाजूचं मार्जिन थोडं कमी केलं तरी चालते भाऊ’ म्हणणारे भेटतील, पण नोटीस तुमच्या नावाने येईल, त्यांच्या नाही.

मग घरातल्यांची बैठक

वही घ्या आणि खोलीनुसार लिहा. मोघम नको. इथल्या घराला लागणारा कूलरच बघा. कोणत्या खिडकीत बसणार, खिडकीची रुंदी त्याला पुरेल का, बाहेर लोखंडी स्टँड की स्लॅबचाच ओटा, पाण्याचा नळ तिथवर येणार का, सांडलेलं पाणी भिंतीवर न ओघळता कुठे जाणार, बटण आत कुठे? हे आधी ठरलं नाही तर राहायला गेल्यावर पहिल्याच एप्रिलमध्ये नव्या प्लास्टरवर छिन्नी चालते. स्वयंपाकघराच्या ओट्याची उंची रोज तिथे उभं राहणाऱ्या माणसाच्या उंचीवर ठरवा. वास्तू बघायची असेल तर ती नकाशा होण्याआधी. पाया खोदल्यावर गुरुजींनी जिना हलवायला सांगितला तर खर्च तुमचाच. इन्व्हर्टर, बोअर, सोलर, वर पुढे मजला चढवायचा का, हेही लिहून टाका. मजल्याचं तर खास, कारण कॉलम आणि फुटिंग (कॉलमखालचा पाया) त्यावर ठरतात.

माती बघा

नागपूरच्या बऱ्याच भागांत काळी माती आहे. पाणी लागलं की ती फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, आणि दोन प्लॉट सोडून तिची खोली बदलते. शेजाऱ्याचा पाया किती खोल आहे त्यावर भरवसा ठेवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर सांगेल तिथे कडक मुरूम लागेपर्यंत खड्डे करून घ्या आणि फुटिंगचं ड्रॉइंग त्यावर बनू द्या. ठेकेदाराच्या भावात पाया ठराविक फुटांपर्यंतच धरलेला असतो, त्याखाली ‘एक्स्ट्रा’ सुरू होतं. प्लिंथमध्ये (जोत्यात) मुरूमच भरणार, थर देऊन, पाणी मारून, ठोकून, हेही लिहून घ्या. खोदलेली काळी माती परत आत ढकलणं सोयीचं असतं, पण पुढे फरशी खचते.

प्लिंथची उंची रस्त्यापासून मोजा. सिमेंटचे रस्ते झाल्यावर शहरातली कितीतरी जुनी घरं रस्त्याच्या खाली गेली. 23 सप्टेंबर 2023 च्या पुरात घरात पाणी शिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तुमच्यासमोरचा रस्ता अजून डांबरी किंवा कच्चा असेल तर पुढची वाढ धरूनच उंची ठरवा.

आता भाव

पहिलं विचारा, लेबर रेट की मटेरियलसह? एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटी माफ आहे, मटेरियलसह दिलेल्या कामाला 18 टक्के लागतो. भावात तो धरलाय का ते स्पष्ट विचारा. दुसरं, मोजणार काय? समजा 30 बाय 50 च्या प्लॉटवर भिंतींच्या जाडीसह बांधकाम 900 स्क्वेअर फूट आहे, पण बाल्कनी, सज्जे, जिन्याचा टॉवर धरून ठेकेदार 1050 मोजतो. भाव 1800 असेल तर फरक 2 लाख 70 हजारांचा. कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, गेट, टेरेसचं वॉटरप्रूफिंग या गोष्टी आत की बाहेर, त्याची वेगळी यादी करा.

मटेरियलमध्ये ‘चांगल्या कंपनीचं’ हा शब्द चालू देऊ नका. सिमेंटचा प्रकार, सळईचा ग्रेड (फे 500 डी), वीट मातीची की राखेची, रेती कुठल्या नदीची, हे नाव घालून लिहा. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात आणि भाव चढतो, ती वाढ कोण सोसणार? सळई धरमकाट्यावर (गाडीच्या वजनकाट्यावर) तुमच्यासमोर मोजली जाणार का? कव्हर ब्लॉकबद्दलही बोला, म्हणजे सळई साच्याला टेकू नये म्हणून लावतात ते ठोकळे. सळईवर काँक्रीट स्लॅबला किमान 20, कॉलमला 40, फुटिंगला 50 मिलिमीटर हवं. विटेचा तुकडा खाली सरकवला की झालं, असं समजणारे मिस्त्री कमी नाहीत.

आणि पाणी. उष्ण, कोरड्या हवेत काँक्रीटला किमान 10 दिवस ओलं ठेवावं, असं भारतीय मानक सांगतं. इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे बांध घालून पाणी उभं ठेवणार का, कॉलमला पोती गुंडाळणार का, टँकर कोणाच्या पैशाचा आणि रविवारी पाणी मारायला माणूस कोण? या प्रश्नांना ठेकेदार अडखळला, तर त्याचं चालू काम दुपारी, तो नसताना जाऊन बघा. त्याने बांधलेलं, दोन पावसाळे काढलेलं एखादं घरही बघा. बाथरूमच्या मागच्या भिंतीला ओल आहे का, हे घरातली बाई कुठल्याही ब्रोशरपेक्षा खरं सांगेल.

पैसे आणि लिखापढी

स्वतःच्या प्लॉटवर स्वतःसाठी घर बांधता तेव्हा ठेकेदाराशी झालेल्या व्यवहाराला महारेराचं, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं, संरक्षण नसतं. हाताशी असतो तो स्टॅम्प पेपरवरचा करार. प्लिंथ, स्लॅब, जुडाई (विटांचं बांधकाम), प्लास्टर, फिनिशिंग असे टप्पे पाडा, टप्पा पूर्ण झाल्यावर पैसे द्या, आणि शेवटचे पाचेक टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. मोठा अॅडव्हान्स मागणारा बहुतेक वेळा मागच्या साइटची उधारी फेडत असतो, असं माझं मत आहे. जादा कामाचा दर आधी लेखी कळवल्याशिवाय ते सुरू होणार नाही, ही अट घालाच.

भेटीला घरातले दोघं जा, एकाने बोलावं, एकाने लिहावं. ‘होऊन जाते ना भाऊ, टेन्शन नका घेऊ’ असं उत्तर आलं की त्या मुद्द्यावर वहीत खूण करा. त्याच संध्याकाळी सगळे मुद्दे व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि खूण केलेल्यांची उत्तरं लेखी मागा. ती आल्याशिवाय भूमिपूजनाचा मुहूर्त काढू नका.