लुगर पी-०८ : पिस्तुलावरील खुणा कशा वाचाव्यात

जर्मन सैन्याने १९०८ साली स्वीकारलेले लुगर पिस्तूल ओळखणे सोपे आहे. त्याची तिरकी मूठ आणि गोळी सुटताच गुडघ्यासारखा वर दुमडणारा टॉगल पाहणाऱ्याच्या लगेच लक्षात येतो. अवघड असते ते नेमके कोणते लुगर हे ठरवणे. हातात घेण्यापूर्वी मॅगझीन व चेंबर (नळीच्या मागच्या टोकाचा, गोळी बसते तो कप्पा) रिकामे असल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्यावी, आणि खुणा स्पष्ट दिसाव्यात म्हणून धातू घासू नये, कारण जुन्या शस्त्राचे निम्मे मोल त्याच्या मूळ रंगातच असते.

प्रथम टॉगलचा वरचा भाग पाहावा. तेथे डीडब्ल्यूएम (एका जर्मन शस्त्रनिर्मिती कंपनीच्या नावाची आद्याक्षरे) ही गुंफलेली अक्षरे असल्यास पिस्तूल तिच्या बर्लिनच्या कारखान्याचे, आणि मुकुटाखाली ‘एरफुर्ट’ असल्यास सरकारी शस्त्रशाळेचे असते. माउझर कंपनीने मात्र १९३४ पासून नावाऐवजी सांकेतिक खुणा वापरल्या : आधी ‘एस/४२’, मग नुसते ‘४२’, आणि १९४१ पासून ‘बीवायएफ’.

त्यानंतर चेंबरवरील सन वाचावा. येथे दोन ठिकाणी फसगत होते. माउझरच्या पिस्तुलावर सनाऐवजी ‘के’ हे एकच अक्षर असेल तर ते १९३४ चे, ‘जी’ असेल तर १९३५ चे. तसेच एका सनाच्या जोडीला ‘१९२०’ कोरलेले असेल, तर तो निर्मितीचा सन नसून पहिल्या महायुद्धानंतर सरकारी मालमत्तेवर मारलेला शिक्का असतो.

खरा घोळ अनुक्रमांकाचा. सैनिकी पिस्तुलांचे क्रमांक दरवर्षी एकपासून पुन्हा सुरू होत आणि दहा हजारांची मालिका संपली की पुढच्या मालिकेला ए, बी, सी अशी अक्षरे जोडली जात. त्यामुळे एकच आकडा अनेक पिस्तुलांवर सापडतो. म्हणून निर्माता, सन, आकडा आणि त्यामागचे अक्षर ही चारही एकत्र टिपावीत. नुसता आकडा सांगून माहिती विचारणाऱ्यास नेमके उत्तर मिळणे अशक्य आहे. याच क्रमांकाचे शेवटचे दोन अंक लहान सुट्या भागांवरही असतात, आणि ते जुळत नसतील तर ते भाग मागाहून बदलले आहेत असे समजावे.

राजेशाहीच्या काळातील तपासणीच्या शिक्क्यांत मुकुटाखाली एखादे अक्षर असते, तर नाझी काळातील शिक्क्यांत गरुडाखाली आकडा. मुकुटाखाली ‘एन’ असल्यास ते नागरी विक्रीच्या चाचणीचे चिन्ह होय. अशा पिस्तुलाला सैनिकी ठरवण्यापूर्वी इतर खुणा पुन्हा तपासाव्यात. नळीची लांबीही मोजावी : सेनेच्या नेहमीच्या पिस्तुलाची १०० मिलिमीटर, नौदलाच्या पिस्तुलाची १५० आणि तोफखान्याच्या पिस्तुलाची २००.

भारतात असे शस्त्र घरात सापडले, तर खुणा वाचण्याआधी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याची बाब पोलिसांकडे मार्गी लावावी.