घरचा बेंडिंग प्रेस: काटकोन जुळता जुळेना

ट्रॉलीचे ब्रॅकेट वाकवायला दर वेळी जळगावला कोण जाणार? म्हणून पट्टी दाबून वाकवणारा प्रेस घरीच केला. भंगारातून १०० मिमीचे चॅनेल (इंग्रजी सी आकाराचे लोखंड) आणून चौकट वेल्ड केली, खाली २० टनांचा बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर वर उचलणारा) ठेवला. हा जॅक उलटा टांगला तर तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणून पट्टी दाबणारी धार वर पक्की आणि पट्टीखालचा खोबणीचा साचा जॅकवर खालून वर जातो. परत ओढायला दोन स्प्रिंगा.

खरी डोकेदुखी साच्याची. अँगल (काटकोनी एल आकाराचे लोखंड) उताणा ठेवून त्याचीच व्ही आकाराची खोबण केली. ५ मिमी पट्टी दाबली, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला, तर कोन ९३ अंश! दाब सोडला की लोखंड थोडं मागे येतं, आणि ९० च्या खोबणीत जास्त वाकवायला जागाच नाही. दादा म्हणे, "हातोडी मार ना भाऊ." दोन दिवस मारली. पट्टीची पार वाट लागली.

शेवटी अँगल उपटला. २० मिमीच्या दोन गोल सळया, मध्ये ४० मिमी फट (जाडीच्या आठपट), खाली मोकळी पोकळी. वरची धारही घासून अरुंद केली. आता ८७ पर्यंत दाबतो, सोडल्यावर ९०. पट्टीचा लॉट बदलला की आधी तुकड्यावर बघतो. दाबताना समोर मात्र उभा राहत नाही.